अपक्ष उमेदवारासाठी गावोगावी पाठबळ कसे उभारावे?

प्रश्न: आमच्या तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका विद्यमान आमदारांविरुद्ध विधानसभा अपक्ष लढवू इच्छितात. पक्ष, पैसा, यंत्रणा यांपैकी काहीच हाताशी नसताना सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १: मतदार यादीपासून. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या नावांपुढे आम्ही पेन्सिलीने फोन नंबर लिहून ठेवले होते आणि मतदानाच्या आठ दिवस आधीपासून रोज रात्री, ती माणसे कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) परतल्यावर, एकेकाशी बोलत होतो. सभेपेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रतिसाद २: अपक्षाला मतदारसंघातीलच १० सूचक (उमेदवारी अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार) लागतात, ते दहा वेगवेगळ्या गावांतून घ्यावेत, म्हणजे पहिल्याच दिवशी दहा ठिकाणी आपला माणूस उभा राहतो. चिन्ह मात्र अर्ज माघारीची मुदत संपल्यावरच मिळते, त्यामुळे त्याआधी बाईंचे नाव आणि काम घरोघरी पोहोचलेले हवे.

प्रतिसाद ३: वर्गणी मागताना संकोच नको. शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी २००९ मध्ये हातकणंगलेची लोकसभा शेतकऱ्यांच्या वर्गणीवर लढवून जिंकली. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. दहा रुपयांचीही पावती द्यावी.