नुसत्या पीईवर जाऊ नका
पीई, म्हणजे शेअरचा भाव त्याच्या वाट्याच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, दहाच्या आसपास आला की शेअर स्वस्तच, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. ॲपल एप्रिल २०१३ मध्ये ७०० डॉलरवरून ४०० च्या खाली आला होता, पीई साधारण दहा, वर गंगाजळी १४५ अब्ज डॉलरची. तो खरंच स्वस्त होता. पण २०११ मध्ये ब्लॅकबेरी फोनवाल्या रिसर्च इन मोशन कंपनीचा पीई त्याहूनही कमी होता की! पीईतला नफा कालचा, गिऱ्हाईक मात्र आयफोनकडे निघालेलं. त्या डिसेंबरात न खपलेल्या प्लेबुक टॅब्लेटपायी त्यांना ४८.५ कोटी डॉलरची तोट्याची तरतूद करावी लागली. म्हणून मी ताळेबंदात आधी मालसाठा बघतो. विक्रीपेक्षा तो वेगाने फुगत असेल तर सावध. गॅजेट म्हणजे पालेभाजी, संध्याकाळी जुडीचा भाव निम्मा.