लीज्ड लाइनचा अलार्म किती टक्क्यांवर लावावा? (झॅबिक्स)

शाखा_जाल विचारतात:

पुण्याच्या मुख्य कार्यालयातून झॅबिक्सवर (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) २४ शाखांवर लक्ष ठेवायचं आहे. प्रत्येक शाखेला २० एमबीपीएसची लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र जोडणी), राऊटर सिस्कोचे, आणि लाइन ज्या पोर्टला येते तो १ जीबीपीएसचा. टेम्प्लेटमधले (तयार साच्यातले) अलार्मचे आकडे आहेत तसेच ठेवलेत: वापर ९० टक्के, पिंग लॉस (चाचणीची हरवलेली पॅकेटं) २० टक्के, पिंगचा वेळ ०.१५ सेकंद.

रात्री ११ ते २ बॅकअप चालतो. तेव्हा कोअर स्विच ते बॅकअप सर्व्हर या पोर्टच्या ई-मेलांचा पाऊस पडतो. दिवसा शाखांमधून "सिस्टीम स्लो आहे" म्हणून फोन येतात, पण डॅशबोर्ड हिरवागार. वापराची मर्यादा ९० वरून ७० करावी की ८०? पिंग लॉस किती ठेवावा?

---

तांब्याची_तार:

७० की ८० हा प्रश्न नंतरचा. आधी बघा की टक्के कशाचे निघतायत. झॅबिक्स पोर्टचा वेग एसएनएमपीतून (उपकरणांकडून आकडे विचारण्याची पद्धत) घेतो आणि राऊटर त्याला १००० एमबीपीएस सांगतोय. २० एमबीपीएसची लाइन काठोकाठ भरली तरी तो वापर २ टक्केच होणार. ९० काय, १० टक्के लावलेत तरी अलार्म वाजणार नाही.

उपाय दोन. राऊटरच्या त्या इंटरफेसवर बँडविड्थ कमांडने २०००० किलोबिट द्या, मग एसएनएमपीतही तोच वेग दिसेल. मात्र ओएसपीएफ (ट्रॅफिकचा रस्ता निवडणारा प्रोटोकॉल) चालत असेल तर जपून. रेफरन्स बँडविड्थ (जिला लाइनच्या वेगाने भागून कॉस्ट निघते) मुळातली १०० एमबीपीएस असेल, तर कॉस्ट (रस्त्याची किंमत, कमी ती आधी) १ वरून ५ होईल आणि राखीव ब्रॉडबँड असेल तर ट्रॅफिक त्यावर पळू शकेल. तिथे कॉस्ट हाताने बांधून टाका.

दुसरा उपाय राऊटरला हात न लावता: झॅबिक्समध्ये फक्त त्या इंटरफेससाठी वापराचा मॅक्रो (मर्यादेचा आकडा) १.६ करा. १००० चे १.६ टक्के म्हणजे १६ एमबीपीएस, म्हणजेच तुमच्या लाइनचे ८० टक्के.

---

पॅकेट_मोजणीदार:

वरचा दुसरा उपाय जसाच्या तसा करू नका. टेम्प्लेटच्या ट्रिगरमध्ये (अलार्म वाजवणाऱ्या नियमात) अलार्म मिटण्याची अट वेगळी असते: मॅक्रोमधून ३ वजा करून आलेल्या टक्क्यांच्या खाली सरासरी गेली पाहिजे. १.६ मधून ३ गेले की उरतात उणे १.४, आणि वापर शून्याखाली जात नाही. एकदा वाजलेला अलार्म कधीच मिटणार नाही. त्यापेक्षा ट्रिगरची प्रत काढून थेट बिटांत लिहा: सरासरी १६ एमबीपीएसच्या वर गेली की अलार्म, १४ च्या खाली आली की मिटला. हे २ एमबीपीएसचं अंतर ठेवाच. नाहीतर १५.९ आणि १६.१ मध्ये रेंगाळणारी लाइन दिवसभर वाजते-मिटते.

आता "हिरवागार" का दिसतं त्याचं दुसरं कारण. ट्रिगर १५ मिनिटांची सरासरी बघतो. लाइन ५ मिनिटं पूर्ण भरली आणि उरलेली १० मिनिटं ३० टक्क्यांवर असली, तर सरासरी ५३ येते. शाखेतल्या माणसाने ती ५ मिनिटं भोगलेली असतात. म्हणून दोन ट्रिगर ठेवा: ५ मिनिटं १८ एमबीपीएसच्या वर असेल तर फक्त इशारा, ई-मेल नाही, १५ मिनिटं १६ च्या वर असेल तर ई-मेल. टेम्प्लेट दर ३ मिनिटांनी आकडे घेतं. ५ मिनिटांच्या खिडकीत त्याचे एक-दोनच नमुने येतात, तेव्हा या पोर्टसाठी पोलिंग १ मिनिटावर आणा.

पोर्टवरचे बाइट मोजणारे काउंटर ६४ बिटांचेच आहेत ना, तेही बघा. ३२ बिटांचा काउंटर १ जीबीपीएसला ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. शाखेच्या लाइनला हे जाणवणार नाही, पण बॅकअपच्या पोर्टचा आलेख निव्वळ खोटा निघेल. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटी काउंटर मिळतच नाहीत, किमान २सी हवी.

---

शाखा_जाल:

वेग १००० च दिसतोय, बरोबर. मग भरलेल्या लाइनवर इंटरफेसचे आउटपुट डिस्कार्ड (बाहेर जाताना टाकलेली पॅकेटं) तरी वाढायला हवे होते. ते सगळीकडे शून्य आहेत. असं कसं?

---

पॅकेट_मोजणीदार:

कारण पॅकेटं तुमच्या राऊटरवर पडतच नाहीत. तुमचा पोर्ट १ जीबीपीएसने बिनधास्त पाठवतो. २० च्या वरचं कापलं जातं पुरवठादाराच्या टोकाला, त्याच्या पोलिसरमध्ये (मर्यादेवरची पॅकेटं टाकून देणाऱ्या यंत्रणेत). तो काउंटर तुम्हाला दिसत नाही.

राऊटरवर बाहेर जाणाऱ्या दिशेला १९ एमबीपीएसचा शेपर (वेग आवरून जादा पॅकेटं रांगेत ठेवणारी सोय) लावा. पूर्ण २० नको, कारण पुरवठादार इथरनेटचं ओझं धरून मोजत असेल तर थोडी जागा लागते. आता रांग तुमच्याकडे लागेल, गळती तुमच्याकडे मोजली जाईल आणि क्यूओएसच्या एमआयबीतून (राऊटरच्या रांगांचे आकडे देणाऱ्या यादीतून) झॅबिक्समध्ये आणता येईल. शेपरची गळती ५ मिनिटांत एकूण पॅकेटांच्या १ टक्क्याच्या वर गेली, तर तो माझ्या मते वापराच्या टक्क्यांपेक्षा खरा अलार्म. ९५ टक्के वापर आणि गळती शून्य असेल, तर पैसे वसूल होतायत, तक्रार कसली? शाखेकडे येणाऱ्या दिशेसाठी हेच मुख्य कार्यालयाच्या राऊटरवर, शाखागणिक वेगळा शेपर लावून करावं लागेल.

---

घंटा_वाजवू_नका:

पिंगबद्दल कुणी बोललंच नाही. झॅबिक्स मुळात ३ पॅकेटं पाठवतो. म्हणजे एका फेरीत लॉस ०, ३३, ६७ किंवा १०० एवढाच येऊ शकतो. २० टक्क्यांची मर्यादा म्हणजे "एक तरी पॅकेट गेलं". वर टेम्प्लेटची अट अशी, की ५ मिनिटांतल्या सगळ्या फेऱ्या त्याच्या वर असायला हव्यात. लाइनवर सतत ३ टक्के लॉस असेल तर असं जवळपास कधीच घडत नाही, आणि ३ टक्क्यांत टीसीपीचा (बहुतेक ॲप वापरतात तो प्रोटोकॉल) वेग झोपतो. पॅकेटं २० करा, फेरी दर मिनिटाला. ५ मिनिटांत १०० पॅकेटं होतात. त्यांच्या सरासरीवर २ टक्के इशारा, ५ टक्के ई-मेल. पिंग राऊटरला नको, शाखेतल्या एखाद्या नेहमी चालू असलेल्या यंत्राला करा. राऊटर स्वतःला आलेल्या पिंगला शेवटचा मान देतो, सीपीयू गुंतला की उत्तरच देत नाही. लाइन ठणठणीत असूनही लॉस दिसतो.

०.१५ सेकंद हा सगळ्यांना एकच आकडा तर काढूनच टाका. फायबरमध्ये प्रकाश १ मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. पुणे-नागपूर सरळ रेषेत सुमारे ६२० किलोमीटर, तेव्हा ६ च्या खाली येणं शक्य नाही. केबल वळणावळणाने जाते म्हणून प्रत्यक्षात जास्तच. कोल्हापूर २०५ च्या आसपास. कोल्हापूरची शाखा एरवी ८ मिलिसेकंद देते आणि दुपारी ९० वर जाते, तर लाइन तुंबली आहे हे उघड आहे. पण १५० चा अलार्म गप्पच. मागच्या आठवड्यातली त्याच वेळेची सरासरी अधिक ३० मिलिसेकंद, सलग १० मिनिटं, असा ट्रिगर लावा. झॅबिक्स ६.० पासून बेसलाइनची (नेहमीच्या पातळीशी तुलना करणारी) फंक्शनं आहेत, त्यावर हे बसतं.

---

तांब्याची_तार:

मॅक्रोच्या उण्याचं बरोबर आहे, मान्य. रात्रीच्या बॅकअपबद्दल: तो पोर्ट मेंटेनन्समध्ये (सगळे अलार्म गप्प ठेवण्याच्या स्थितीत) टाकू नका. बॅकअपने १ जीबीपीएस भरावंच, त्यासाठीच तो आहे. ११ ते २ मध्ये वापराचा ट्रिगर वेळेची अट घालून बंद ठेवा आणि उलटे दोन लावा. ११:३० ला पोर्टवर ५० एमबीपीएससुद्धा नसेल, तर बॅकअप सुरूच झालेला नाही. २:३० नंतरही ८०० च्या वर असेल, तर तो सकाळच्या कामात घुसणार. या दोन ई-मेलांवर कुणीतरी उठून काहीतरी करेल.

---

शाखा_जाल:

शेपर आधी दोन शाखांवर लावतो. एक राहिलं: मुख्य राऊटर बंद पडला की २४ शाखांचे २४ अलार्म येतात.

---

घंटा_वाजवू_नका:

ट्रिगर डिपेंडन्सी. शाखेचा पिंगचा ट्रिगर मुख्य राऊटरच्या पिंगच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवा. मुख्य राऊटरची फेरी ३० सेकंदांची आणि शाखांची १ मिनिटाची हवी. शाखेचा ट्रिगर आधी पेटला तर डिपेंडन्सीचा उपयोग नाही, ई-मेल सुटलेला असतो. वर ई-मेलच्या ॲक्शनमध्ये पहिली पायरी २ मिनिटं उशिरा ठेवा, आणि ट्रिगर दडपलेला असेल तर ती पायरी थांबते ना, हे मुख्य राऊटरची केबल काढून एकदा बघा.