जुना लँड क्रूझर पिकअप: इंजिन आधी की ब्रेक आधी?

प्रश्न

माझ्याकडे १९७३ सालचा टोयोटा लँड क्रूझर एफजे४५, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप आला आहे. मूळचे ३.९ लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन सुरू होते, पण चढावर दम टाकते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूने काळपट तेल ओघळते. डिझेल इंजिन बसवावे, सध्याच्या ३० इंची टायरऐवजी ३३ इंची घालावेत आणि शेवटी रंग द्यावा, असा माझा विचार आहे. हा क्रम योग्य आहे का?

उत्तर १

मी सुरुवात चासीपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून करीन. हौद्याचे बोल्ट सोडून तो उतरवा आणि लहान हातोडीने चासीच्या दोन्ही रुळांवर (लांब दांड्यांवर), विशेषतः मागच्या स्प्रिंग-पाट्यांच्या हँगरजवळ, म्हणजे पाटे चासीला टांगलेले असतात त्या जागी, ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो. गंजाने आतून खाल्लेला पत्रा बद्द आवाज देतो आणि तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आत जातो. चासीचे रूळ पेटीसारखे बंद असल्याने चिखल आत साचतो आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरून दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवू नये. ठिगळ मारताना रुळाला आडवा छेदणारा सरळ उभा वेल्ड टाळा, पट्टीची टोके तिरकी कापा, कारण उभ्या वेल्डच्या कडेलाच पुढे तडा जातो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडायला विसरू नका.

उत्तर २

ओघळणाऱ्या तेलाकडे दुर्लक्ष करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या अॅक्सलच्या टोकाला असलेल्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या सांध्याच्या घरात, मुळात घट्ट ग्रीस असते. आतले ऑइल सील गेले की डिफरन्शियलचे (अॅक्सलमधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) तेल त्यात मिसळते, ग्रीस पातळ होते आणि बाहेरच्या वायपर सीलमधून झिरपते. नकलवरचा चौकोनी प्लग काढून आत पाहा. ग्रीस पातळ झाले असेल, तर दोन्ही बाजू पूर्ण उघडून सील, ट्रनियन बेअरिंग (नकल ज्यांवर वळते ती बेअरिंग) आणि सांधा तपासावा लागेल.

चाके उघडलीच आहेत, तर पुढे डिस्क ब्रेक बसवण्याची हीच वेळ आहे. मात्र मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग, तसाच ठेवू नका. ड्रमच्या वाहिनीत सुमारे १० पीएसआय (दाबाचे एकक) दाब शिल्लक ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच दाब डिस्कवर राहिला तर पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते. माझ्या स्वतःच्या गाडीत ही चूक झाली होती आणि पहिल्याच फेरीत पुढच्या चाकांतून जळका वास येऊ लागला. जुनी रिम कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) अडत नाही ना, हेही टायर घेण्याआधीच बसवून पाहावे.

उत्तर ३

इंजिन बदलण्याआधी त्याची परीक्षा घ्या. सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजा, व्हॉल्व्हच्या फटी व इग्निशन टायमिंग जुळवा आणि कार्ब्युरेटर स्वच्छ करा. दम टाकण्याचे कारण बरेचदा यातच सापडते. डिझेल इंजिन म्हणजे नुसते इंजिन नव्हे, तर माउंटिंग, रेडिएटर, गिअरबॉक्सची जुळणी आणि वायरिंग असे सगळेच नव्याने करणे आले.

टायरचा हिशेब मात्र सोपा आहे. ३० वरून ३३ इंच म्हणजे व्यास १० टक्क्यांनी वाढला. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने धावेल, आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.११ असेल, तर ते इंजिनला जवळपास ३.७४ असल्यासारखे जड लागेल. म्हणजे चढावर आज जो त्रास आहे, तो वाढेल. गुणोत्तर बदलायचे ठरलेच, तर पुढचे आणि मागचे दोन्ही क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरची जोडी) एकाच मापाचे असावेत, नाहीतर फोर-व्हील टाकताच दोन्ही अॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढतील.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. प्लग काढून आत काडी घातली, तर ग्रीस तिच्यावरून सरळ ओघळून गेले. डाव्या मागच्या हँगरजवळ अंगठा जाईल एवढे भोकही सापडले आहे. त्यामुळे आता हौदा उतरला आहे, चासी आणि नकल हाती घेतले आहेत, आणि डिझेल इंजिनाचा विचार कॉम्प्रेशनचे आकडे येईपर्यंत बाजूला ठेवला आहे. आकडे मिळताच इथे लिहीन.