मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पण मूठ मिटत नाही आणि खांदाही अडकलाय. सुरुवात कुठून करू?

प्रश्न

माझ्या रुग्ण ५८ वर्षांच्या बाई, हातावर पडून उजव्या रेडियसचं (कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं) मनगटाजवळ फ्रॅक्चर. ६ आठवडे प्लॅस्टर होतं, ते काढून ३ आठवडे झाले. एक्स-रेत हाड जुळलंय. मनगट वर ३० अंश, खाली ३५. तळहात आकाशाकडे वळवताना ४० अंशांवर अडतो. मूठ मिटताना बोटांची टोकं तळहातापासून ३ सेंमी लांब राहतात. खांदा समोरून ११० अंश. हाताच्या पाठीवर सूज आहे. रोज स्पंजचा चेंडू दाबतात, तरी मूठ आहे तिथेच. आधी काय हाताळू?

प्रतिसाद १

चेंडू आजच बंद करा. बोटं चेंडूच्या गोलाईवरच थांबतात, त्यामुळे जो शेवटचा वाक हवाय तो कधी मिळतच नाही.

व्यायामाआधी तीन गोष्टी बघून घ्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर असेल तर मीडियन नर्व्ह (मनगटातून पंजात जाणारी मुख्य नस) दबलेली असू शकते. पालथा पंजा टेबलावर सपाट ठेवून अंगठा वर उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर अंगठा सरळ करणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटल्याची शंका घ्या. हाड जागेवरून फारसं हललेलं नसतानाही काही आठवड्यांनी हा टेंडन तुटतो, आणि मग व्यायामात वेळ घालवू नका, सर्जनकडे पाठवा. तिसरं, दुखापतीच्या मानाने फार जास्त जळजळ, त्याच हाताला घाम, रंगात-तापमानात फरक, कापड लागलेलंही सोसत नाही, असं असेल तर सीआरपीएस (दुखापतीनंतर दुखणं प्रमाणाबाहेर वाढवणारा विकार). तिथे जोर लावून ताणायचं नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं.

हे काही नसेल तर बोटं आधी. बोटाच्या मुळाचा सांधा सरळ धरून मधला सांधा वाकवून बघा, मग मुळाचा वाकवून पुन्हा बघा. पहिल्या वेळी कमी वाकला तर पंजातले छोटे स्नायू आखडलेत. दुसऱ्या वेळी कमी वाकला तर हाताच्या पाठीवरचे टेंडन चिकटलेत किंवा आखूड झालेत. दोन्ही वेळा सारखाच अडला तर सांधाच आखडलाय.

प्रश्नकर्ता

तिन्ही तपासण्या ठीक. मुळाचा सांधा सरळ धरला की जास्त अडतंय. शिवाय मनगट वर करायला सांगितलं की बोटं ताठ होतात. चालेल का?

प्रतिसाद १

नाही चालणार. बोटं सरळ करणारे स्नायू मनगटाचं काम करतायत. ही सवय राहिली तर वस्तू धरताना बोटं उघडतात आणि पकड सुटते. मुठीत पेन सैलसर धरायला द्या आणि तसंच मनगट वर करू द्या.

मुळाचा सांधा सरळ धरल्यावर जास्त अडतंय, म्हणजे पंजातले छोटे स्नायू आखडलेत. त्यासाठी आकडा मूठ: मुळाचे सांधे सरळ, पुढचे दोन्ही वाकलेले. शेवटी ५ सेकंद थांबून १० वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. दिवसातून एकदाच अर्धा तास घाम गाळण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. मधल्या वेळात हात हृदयापेक्षा उंच.

तळहात वळवताना कोपर बरगडीला टेकवून ९० अंशांत ठेवा, नाहीतर खांदाच फिरतो आणि माप फसवं येतं. ताण द्यायला पंजा पिळू नका, मनगटाच्या जरा वर रेडियसलाच धरा. ३० सेकंद, ५ वेळा.

प्रतिसाद २

पडल्यावर खांद्याचा एक्स-रे झाला नसेल तर ताणण्याआधी तो काढून घ्या, बाजूचा व्ह्यूसुद्धा. मागे निसटलेला खांदा समोरच्या एक्स-रेत सहज नजरेतून सुटतो.

एक्स-रे ठीक असेल तर त्यांचा कोपर अंगाशी ठेवून तुम्ही स्वतः त्यांचा हात बाहेर फिरवा. तुमच्या हातांनीही अडला तर सांध्याचं आवरण आखडलंय, हळूहळू ताण द्या. तुम्ही पूर्ण नेऊ शकता पण सोडल्यावर हात आत परततो, तर रोटेटर कफ (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे टेंडन) फाटल्याची शंका घ्या आणि सोनोग्राफी करून घ्या.

व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात उतरायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली किंवा ते ३ सेंमीचं अंतर वाढलं, तर त्या दिवशी ताण निम्मा करा.