हंगाम सरल्यावर समुद्रकाठी ट्रेलर न्यायचाय, तयारी कशाकशाची?

किनारवाट
मंडळी, गर्दी ओसरल्यावर, थंडी सुरू होताना गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा ट्रेलर घेऊन आठवडाभर समुद्रकाठी राहायचा बेत आहे. ट्रेलर एका आसाचा, रिकामा १,३०० किलो, कमाल १,६०० किलो. १०० अँपिअर-तासांची एक लेड-ॲसिड बॅटरी, पंखा असलेला गॅस हीटर, गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तीन प्रकारे चालणारा फ्रिज आणि ८० लिटरची पाण्याची टाकी. वाटेत घाट लागतो, तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. किनाऱ्यावर तेवढी थंडी नसते. म्हणजे घाट उतरला की चिंता मिटली असं समजायचं का?

जोडआस
थंडीची चिंता मिटेल, वाऱ्याची तिथूनच सुरू होईल. आधी वजन बघा. तुमच्या हातात ३०० किलो आहेत. भरलेली टाकी ८०, दोन सिलिंडर आणि बॅटरी मिळून साधारण ७० धरा. उरले दीडशे. जाड पांघरुणं, बूट, वायरी, ठोकळे यांत ते कधी संपतात कळत नाही. सामान भरून एकदा वजनकाट्यावर न्याच.

हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, किती भार यावा याचे दोन हिशेब चालतात. अमेरिकी ट्रेलरना एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात. युरोपीय गाड्यांना बहुधा ७५ ते १०० किलोंचीच मर्यादा असते. गाडी, हिच आणि ट्रेलर या तिघांच्या पाट्यांवरचा सगळ्यांत छोटा आकडा पाळायचा. मागच्या टोकाला सायकली आणि जड पेट्या लादल्या की हिच हलकी होते आणि ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. डोलायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक दाबू नका. ट्रेलरचा इलेक्ट्रिक ब्रेक हाताने लावता येत असेल तर फक्त तोच लावा.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० चा वारा ६० झाला की ट्रेलरच्या कुशीवरचा जोर चौपट. अंदाजात ६० किमीचे झोत असतील तर त्या दिवशी निघू नका, उघड्या पुलांवर तर नाहीच. टायर घासलेला दिसला नाही तरी वय बघा: कडेच्या चार आकड्यांत २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. निघाल्यावर ८०-१०० किमीवर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे.

नळपाणी
टाकी भरूनच न्या. हंगाम संपला की ट्रेलर मुक्कामाच्या बऱ्याच तळांवर नळ बंद करतात, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून. जागा मोकळी आहे का, एवढंच विचारून फोन ठेवू नका. नळ चालू आहेत का, मैलापाणी ओतायची जागा उघडी आहे का, विजेच्या खांबावर किती अँपिअर मिळतात आणि उभं राहायला खडी आहे की गवत, हेही विचारा. भिजलेल्या गवतावर एका आसाचा ट्रेलर रुतला तर बाहेर काढताना नाकी नऊ येतात.

जोडआस
नळपाणी, टाकीबद्दल असहमत. घाटात मुक्काम असेल तर भरलेली टाकी नकोच. गोठण्याची सुरुवात टाकीपासून होत नाही. पंप, नळाचे कोपरे आणि गिझरचे सांधे आधी फुटतात, कारण तिथे पाणी थोडं आणि अडकलेलं. पंप बंद करा, गिझर थंड होऊ द्या, नळ उघडून दाब काढा, मग गिझरचा बूच आणि खालचे निचरा-व्हॉल्व्ह उघडा. गरम-थंड दोन्ही नळ उघडेच ठेवा. सिंकच्या वाकड्या पाइपात कपभर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ ओता. गाडीच्या रेडिएटरचं नको, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. प्यायचं पाणी वीस-वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये, आसाच्या वर ठेवा.

नळपाणी
घाटात रात्र काढायची असेल तर मान्य. दिवसा ओलांडून जाणार असाल तर माझंच खरं. अर्धी टाकी मात्र कुणीच नेऊ नये, पाणी हिंदकळतं.

बाराव्होल्ट
हीटर गॅसवर असला तरी पंखा बॅटरीवर चालतो, हे विसरू नका. पंखा साडेतीन अँपिअर घेतो धरा. बारा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तर २१ अँपिअर-तास गेले. दिवे, पंप आणि फ्रिजचं कंट्रोल बोर्ड धरून २८-३०. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, गारठ्यात ती देतेही कमी. म्हणजे विजेची जोडणी नसेल तर एक रात्र निभेल, दुसरी नाही. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, आडव्या पॅनेलवर फार भिस्त ठेवू नका. उभं असताना फ्रिज १२ व्होल्टवर ठेवू नका, काही तासांत बॅटरी झोपेल.

गॅस प्रोपेन आहे ना, याची खात्री करा. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. शेगडी पेटवून खोली गरम करणं हा जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, त्याची मुदत तपासा.

खारवारा
ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे करून लावा. फ्रिजची बाहेरची जाळी वाऱ्याच्या बाजूला आली तर ज्योत विझत राहते आणि दोष मात्र फ्रिजला मिळतो. जाळी पूर्ण झाकायची नाही. कापडी छत झोपताना गुंडाळायचंच, हवा कितीही शांत असो.

जागा निवडताना तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. त्यात हवेचा दाब घसरला की दर हेक्टोपास्कलला पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं, वाऱ्याने ढकललेलं पाणी वेगळंच. वाळूवर शेवाळ-काटक्यांची जी रेघ दिसते तिच्या बरंच वर, कडक जमिनीवर थांबा.

परतल्यावर आस, ब्रेक, हिच आणि पायऱ्या गोड्या पाण्याने धुवा. पाइपचं साधं पाणी चालेल. प्रेशर वॉशरची धार बेअरिंगच्या सीलवर मारलीत तर मीठ आत जाईल. गाडी-ट्रेलरची वायर जोडणाऱ्या प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. दिवे मिणमिणले की निम्म्या वेळा अर्थिंगचा गंजलेला सांधा निघतो.

किनारवाट
आभार. आत घाम धरतो त्याचं काय? डीह्युमिडिफायर घेऊ?

खारवारा
कॉम्प्रेसरचा गारठ्यात फारसा ओढत नाही, घ्यायचाच तर डेसिकंटचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थाचा घ्या. पण आधी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी बनतं. तुमच्या हीटरचं ते धुराड्यातून बाहेर जातं, शेगडीचं आतच राहतं. स्वयंपाक करताना खिडकी जास्त उघडा. गादी रोज सकाळी उभी करा, बुरशी खालून धरते.