मदत हवी आहे: गॅस लाइन फुटली तर धोका किती अंतरापर्यंत?

घाईत: परवा सुरक्षा अहवाल द्यायचा आहे. लाइनपासून शाळा १४० मीटरवर. चालेल की नाही, एवढंच सांगा. नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतोय.

पाइपवाला: व्यास? दाब? वायू कोणता? त्याशिवाय कोण काय सांगणार?

उषाताई: वास आला की आधी रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

घाईत: ताई, घरचा सिलिंडर नाही, जमिनीखालची मोठी लाइन आहे. नैसर्गिक वायू, २४ इंची, ६९ बार.

पाइपवाला: हे आधीच लिहायचं ना! ०.००३१५ × व्यास (मिमी) × दाबाचं (किलोपास्कल) वर्गमूळ. ६१० आणि ६९०० घातले की साधारण १६० मीटर येतात. शाळा आत आली. हे अंतर फुटल्याबरोबर पेट घेतला तर १५.८ किलोवॉट प्रति चौरस मीटर उष्णता पोचते तिथपर्यंतचं. पलीकडे कुणाला भाजणारच नाही, असं समजू नका.

मॉडेलकर: सूत्रावर अहवाल देऊ नका. वारा, उतार धरून पूर्ण मॉडेल चालवा.

पाइपवाला: परवापर्यंत? त्याला लागणारी माहिती तरी आहे का यांच्याकडे?

मॉडेलकर: मग मुदत वाढवून घ्या. शाळेचा प्रश्न आहे.

गंजशोध्या: सगळे फुटण्यावरच बोलताय. गंजाच्या बारीक छिद्राचं काय? मिथेन हलका, उघड्यावर वर निघून जातो. पण वर डांबर किंवा काँक्रीट असलं की मातीतून आडवा सरकत गटारात, तळघरात शिरतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. नाकावर विसंबू नका. माती वास शोषून घेते, आणि लांब पल्ल्याच्या लाइनीत वास घातलेला असेलच असं नाही. शाळेकडे जाणारी गटारं, केबलचे चर नकाशावर काढलेत का?

घाईत: नाही. पण जवळ आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह आहे. मग अंतर कमी धरू?

पाइपवाला: अजिबात नाही. सर्वांत मोठी झळ पहिल्या मिनिटभरातच बसते, व्हॉल्व्ह मिटून आतला गॅस संपायच्या कितीतरी आधी. व्हॉल्व्हमुळे आग किती वेळ चालेल ते ठरतं. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला २०१० मध्ये ३० इंची लाइन फुटली, गॅस थांबवायला ९५ मिनिटं लागली, ८ माणसं गेली. पाइपची जाडी किती? आतून तपासणी शेवटची कधी झाली?

घाईत: जाडी ड्रॉइंगवर आहे, संध्याकाळी टाकतो. तपासणीचं विचारावं लागेल.

गंजशोध्या: गटारांचा नकाशाही मागून घ्या.