जुन्या पिकअपच्या एअरबॅगवर भरवसा ठेवावा का?

रानजाई
सासऱ्यांची २००६ची पिकअप आता आमच्याकडे आली आहे. सिंगल कॅब, मागे सीट नाही. त्यांनी ती फार जपून वापरली, इंजिन अजून ठणठणीत आहे. पण जुन्या गाड्यांच्या एअरबॅगमधून लोखंडाचे तुकडे उडतात हे वाचल्यापासून स्टिअरिंगसमोर बसलं की छातीत धस्स होतं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. म्हणजे सगळं ठीक समजायचं का? कंपनीचं पत्र कधी आलेलं नाही. शेजारच्या सीटवर साडेचार वर्षांची लेक बसते. नवरा म्हणतो, फ्यूज काढून टाकू. जाणकारांनी कृपया सांगा.

पानापक्कड
ताई, आधी दिव्याचं सांगतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. तो दिवा वायरिंग, सेन्सर, जोडण्या तपासतो. इन्फ्लेटर म्हणजे धडकेच्या वेळी रसायन जाळून पिशवी फुगवणारी धातूची डबी. तिच्यातलं रसायन कोणत्या अवस्थेत आहे हे त्याला कळत नाही. दिवा विझला तरी आतला माल खराब असू शकतो.

टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट या रसायनाच्या वड्या असत. बऱ्याच प्रकारांत ओल शोषून घेणारा पदार्थच घातलेला नव्हता. वर्षानुवर्षं दिवसा तापायचं, रात्री गार व्हायचं, त्यात दमट हवा. वड्या ठिसूळ होतात. मग धडकेच्या वेळी त्या ठरल्यापेक्षा फार झपाट्याने जळतात, धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे पिशवीचं कापड फाडून थेट चेहऱ्याकडे आणि मानेकडे येतात. किरकोळ धडकेत, एरवी माणूस सहज वाचला असता अशा ठिकाणी, माणसं गेली आहेत. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली.

पिकअपही यातून सुटल्या नाहीत. अमेरिकेत जानेवारी २०१८मध्ये फोर्डने २००६च्या काही रेंजर मालकांना, दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नका, असं कळवलं. २००३च्या डॉज राम पिकअपबाबत असाच इशारा २०२३मध्ये आला, म्हणजे गाडी वीस वर्षांची झाल्यावर. 'इतकी वर्षं काही झालं नाही' यावर विसंबू नका. इथे वय वाढेल तसा धोका वाढतो.

पत्र न येण्याचं कारण साधं असू शकतं: ते नोंदणीतल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. गाडीने हात बदलले, घर बदललं, की पत्र भलतीकडे. म्हणून चेसिस नंबरच टाकून बघा. तो १७ अक्षरांचा असतो, ड्रायव्हरच्या बाजूला समोरच्या काचेच्या तळाशी किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, तेव्हा गोल दिसेल ते शून्यच. कंपनीच्या किंवा सरकारी रिकॉलच्या (सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याच्या) संकेतस्थळावर टाका. रिकॉल निघाला तर इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो.

नवाड्रायव्हर
एवढा घोर कशाला? विकून टाका आणि मोकळे व्हा.

पानापक्कड
दादा, तसं केलं तर तीच डबी दुसऱ्या कुणाच्या तरी लेकरासमोर जाईल. बदलून घ्या, मग खुशाल विका.

फ्यूजचं राहिलं. काढू नका. बऱ्याच गाड्यांत त्याच यंत्रणेवर सीटबेल्ट आवळणारा भागही चालतो, तोही बंद पडेल. स्टिअरिंग तर घरी अजिबात खोलू नका. बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत काही वेळ चार्ज राहतो, पिशवी अचानक उघडू शकते. भंगारातली 'चालू' एअरबॅग कोणी स्वस्तात बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा, तिच्यात काय आहे ते कोणालाच माहीत नसतं.

उत्तरा
रानजाई, लेकीला सध्या या गाडीत बसवूच नकोस. बऱ्याच सिंगल कॅब पिकअपमध्ये शेजारची एअरबॅग चावीने बंद करायचा स्विच डॅशबोर्डवर असतो, तो बघून ठेव. सदोष इन्फ्लेटर नसलेल्या गाडीतही लहान मुलासमोर चालू एअरबॅग नकोच, आणि मागे तोंड करून बसवायची बेबी सीट तर तिच्यासमोर कधीच लावायची नाही. तू स्वतः चालवताना छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर लांब ठेव.

सासऱ्यांनी पूर्वी एकदा बदलून घेतली असेल तरी नंबर परत तपास. सुरुवातीला काही गाड्यांत तात्पुरता म्हणून त्याच जातीचा नवा इन्फ्लेटर बसवला होता. त्या गाड्यांना पुन्हा बोलावलं गेलं.

रानजाई
उत्तराताईंचं अगदी खरं निघालं. सासऱ्यांच्या फाइलमध्ये एअरबॅग बदलल्याची पावती सापडली, म्हणून नवरा म्हणाला झालं काम. तरी नंबर टाकला. ड्रायव्हर आणि शेजारची, दोन्ही बाजूंचा रिकॉल बाकी दाखवतोय, शेरा 'चालवू नका'. सर्व्हिस सेंटरला फोन केला, ते टोईंगने गाडी घेऊन जाणार आहेत, आमचा खर्च नाही. तोवर चावी मी कपाटात ठेवली आहे. पानापक्कड, काम झाल्यावर त्यांच्याकडून नेमकं काय लिहून घेऊ?

पानापक्कड
रिकॉल क्रमांक, दोन्ही बाजू बदलल्याची नोंद आणि तारीख. काही दिवसांनी नंबर पुन्हा टाका आणि 'बाकी' हा शेरा गेलाय ना, ते बघा.